कटआऊटचे दोन पाय

"माझा ॲम्प तापतोय" असं मास्तरांना सांगणं म्हणजे शाळेत जाऊन हेडमास्तरांना "आमचा पोरगा ऐकत नाही" असं सांगण्यासारखं होतं. दोष आपल्याच पदरात पडणार हे ठरलेलं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं आणि मान खाली घालून जायचं. माझं गिऱ्हाईक अशा रीतीनं खाली मान घालून जाताना मी सात वर्षं बघितलं, आणि सातही वर्षं मास्तरांवर चरफडलो.

नांदेडात माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, काचेची फिल्म, असलं सगळं. दुकानाचा मागचा निम्मा भाग मी मास्तरांना दिला होता. ते गाड्यांमध्ये साऊंड बसवायचे, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी बसवलेला साऊंड उपसून काढायचे. मूळचे उदगीरच्या पलीकडचे. आयटीआयमध्ये कंत्राटावर शिकवायला होते. कंत्राट संपलं आणि मास्तर हे नाव तेवढं मागं राहिलं. लग्न केलं नव्हतं. लातूरला थोरली बहीण होती, तिला ते आक्का म्हणायचे आणि तिच्याशिवाय जगात कुणाला घाबरायचे नाहीत. मला ते "मालक" म्हणत. दुकान माझं होतं म्हणून, आणि त्या दुकानात माझं काही चालत नव्हतं म्हणूनही.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांना थोडं सांगतो. गाडीतला टेप जेवढा आवाज देतो तेवढ्यावर धडधडणारे मोठे स्पीकर, म्हणजे वूफर, हलत नाहीत. त्यासाठी मधे ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा बसवतात, पाठीवर पन्हळी असलेला. तोच ॲम्प. बॅटरीतून घेतलेल्या ताकदीतली थोडी गाण्यात जाते आणि उरलेली उष्णतेत. पाठीच्या पन्हळी ती उष्णता वाऱ्यावर सोडण्यासाठी असतात. आणि आमच्याकडची माणसं त्या पन्हळीवर गालिचा ठोकतात, कारण ॲम्प उघडा दिसला तर गाडीची शोभा जाते.

मास्तरांची तपासणीची पद्धत न्यारी होती. गाणं लावायला सांगायचे, डिकी उघडायचे आणि उलटा हात ॲम्पवर ठेवायचे. मग डोळे मिटून कानडीत आकडे मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु. दहापर्यंत हात टिकला तर ॲम्प ठीक. सहा-सातावर हात उचलावा लागला तर चौकशी सुरू. बऱ्याच लोकांना तो मंत्र वाटायचा. मुखेडकडच्या एका म्हाताऱ्यानं तर मास्तरांचे आकडे संपेपर्यंत टोपी काढून हातात धरली होती आणि नंतर गाडीला काय बाधा झाली म्हणून विचारलं होतं.

चौकशी म्हणजे उलटतपासणी. वायर केवढी, अर्थिंगचा बोल्ट कुठं मारला, मारण्याआधी रंग खरवडला होता का, आवाजाचं बटण कुठवर फिरवलं. बारीक वायरीचा गुन्हेगार सापडला की मास्तर समोरच्या गाड्यावरून उसाचा रस मागवायचे आणि पेनच्या रिफिलची रिकामी नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. ह्यानं पी म्हणायचे. चांगला मिशीवाला माणूस भर रस्त्यावर गाल आत ओढून रस चोखतोय आणि डोळ्यांतून पाणी काढतोय असा देखावा मी कितीदा तरी बघितला. मग मास्तर शांतपणे सांगायचे, तुझा ॲम्प बॅटरीतून असंच ओढून राहिला रोज, तो तापणार न्हाई तर काय गार पडणार. गिऱ्हाइकाला ते पटायचं. पण पटलेलं माणूस पुन्हा येतंच असं नाही.

चार बोटांचं त्यांना वेड होतं. ॲम्पच्या चहूबाजूंनी चार बोटं मोकळी जागा पाहिजे, हा नियम त्यांनी हळूहळू सगळ्या जगाला लावला. त्यांचं टेबल भिंतीपासून चार बोटं लांब. जेवणाचा डबा उघडला की भाजी आणि भाकरीत तेवढंच अंतर. आम्ही एकदा देगलूरला बसनं गेलो तर शेजारच्या जाडजूड बाईंना ते प्रत्येक वळणावर अंग चोरून जागा करून देत होते, आणि तिला वाटलं हा माणूस सोवळं पाळतो. उतरताना ती त्यांना दोन शब्द सुनावून गेली. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. तिलाच वारा लागला म्हणाले.

एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली होती. त्यांना ॲम्प सीटखाली पाहिजे होता आणि वरून गालिचा पाहिजे होता. मास्तरांनी विचारलं, डॉक्टरसाहेब, ताप चढलेल्या माणसाला तुम्ही गोधडी गुंडाळताव का? डॉक्टर हसले. आमच्याकडं येतात ते सगळे गुंडाळूनच येतात म्हणाले, आणि गाडी काढून बायपासवरच्या दुकानात गेले. तिथं अर्ध्या तासात त्यांच्या मनासारखं काम झालं. मी मास्तरांशी दोन दिवस बोललो नाही. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत राहिले, त्यामुळं माझा अबोला फुकट गेला.

अर्धापूरचा माझा वर्गमित्र ह्याच काळात त्यांच्या तावडीत सापडला. घरची केळीची बाग, स्वतःचा केळीचा व्यापार, स्वभावानं दिलदार आणि आवाजाचा शौकीन. त्याची गाडी आली तेव्हा ॲम्पमधून पाणी गळत होतं. झालं होतं असं की ॲम्प तापतो म्हणून ह्यानं त्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं. माठाला गुंडाळतात, कुलरला लावतात, मग ह्याला का नको, हा त्याचा सरळ हिशेब. मी म्हटलं आता मास्तर ह्याला सोलून काढणार. पण मास्तर बराच वेळ त्या गोणपाटाकडं बघत बसले. नंतर म्हणाले, इतक्या वर्षांत हा पहिला माणूस ज्याला ॲम्पची दया आली. अख्खा दिवस खपून त्यांनी तो ॲम्प वाळवला, आणि मित्राला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून त्या दोघांचं चांगलं जमलं. मित्र बागेतल्या केळीचा घड आणून द्यायचा आणि मास्तर तो दुकानात टांगून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचे.

आता कटआऊट. चांगल्या ॲम्पच्या पोटात, जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथं, शेंगदाण्याएवढा एक पुर्जा चिकटवलेला असतो. त्याला दोन पाय. ॲम्प हद्दीबाहेर तापला की तो पुर्जा आतून सुटतो, दोन पायांमधली वाट तुटते आणि ॲम्प बंद पडतो. गार झाला की आपोआप सुरू. मास्तर त्याला कटआऊट म्हणत आणि त्याच्याबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. बंद पडलं म्हणजे बिघडलं न्हाई, शहाणं हाय म्हणून बंद पडलं, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लोकांना मात्र तो पुर्जा वैऱ्यासारखा वाटायचा. कारण तो नेमका वरातीत सुटतो. उन्हाळ्यातली भर दुपार, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, पोरं रंगात आलेली, आणि आवाज बंद. मग नवरीकडची माणसं हसतात. बायपासवरचा माणूस त्या दोन पायांवर सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, टाकून ते एकमेकांना जोडून द्यायचा. ॲम्प मग कितीही तापला तरी थांबत नसे. मास्तरांकडं असल्या कामाला आलेली माणसं ते पायरीवरूनच परत पाठवायचे.

शिकवायची खोड मात्र गेलेली नव्हती. एकदा दुकान रिकामं होतं तेव्हा त्यांनी एक भंगार ॲम्प उघडून मला तो पुर्जा दाखवला. दोन पाय माझ्याच हातानं जोडायला लावले. सोल्डर तू लई लावतोस मालक, म्हणाले. मग तो ॲम्प मागच्या पत्र्यावर उन्हात ठेवून जुने वूफर जोडले आणि आम्ही दोघं बघत बसलो. आधी वास आला, मग आतून बारीक तडतड, मग धूर. फ्यूज उडाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, फ्यूज शॉर्ट झाला तर उडतो, तापलं म्हणून उडत न्हाई. तापलेल्याला थांब म्हणणारं एवढंच होतं आणि त्याचं तोंड आपण बांधलं. माझी उजळणी घेतली, सगळं पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. मी शहाण्या विद्यार्थ्यासारखं म्हणून दाखवलं.

मित्राच्या धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात निघालं. वरातीसाठी त्यानं स्वतःच आणखी दोन वूफर आणून त्याच ॲम्पला जोडले आणि मागच्या सीटखाली सगळं गालिच्यात बसवून घेतलं. साखरपुड्याच्या दिवशी ॲम्प तीनदा बंद पडला. दुसऱ्या दिवशी गाडी दुकानात. मास्तरांनी उलटा हात ठेवला आणि नालकुवरच, म्हणजे चारावरच, उचलला. सांगितलं, दोन वूफर काढ, गालिचा काढ, आवाज थोडा उतरव, नाहीतर पुन्हा बंद पडेल. मित्र रडकुंडीला आला. वरातीत बंद पडला तर इज्जत जाईल म्हणाला. पडू दे बंद, म्हणाले मास्तर, पाच मिनिटं लोक हसतील आणि विसरतील. मित्र म्हणाला मग मी बायपासला जातो. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ॲम्प काढून ठेवून घेतला, साफ करून देतो आणि नवी जाड वायर टाकतो म्हणाले. त्यांना वाटलं माणूस ऐकला.

गुरुवारी मास्तर एका आडत्याच्या गाडीच्या कामासाठी धर्माबादला गेले. दुपारी मित्र ॲम्प न्यायला आला. मास्तर नाहीत हे बघून माझ्यासमोर बसला आणि काही बोलेना. शाळेपासून ओळखतो मी त्याला. तोंडानं मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो असं मला आजवर वाटत आलंय, पण तो नुसता बसून राहिला. मी त्याला पुढं बसवून चहा मागवला, मागं गेलो, चार स्क्रू काढले आणि कटआऊटचे दोन पाय जोडले. दहा मिनिटं लागली असतील. सोल्डर ह्याही वेळी जास्तच झालं.

इथवर मूर्खपणा होता. पुढं जे केलं ते मूर्खपणाच्या नावावर खपत नाही. ॲम्प त्याच्या हातात देताना मी म्हणालो, मास्तरांनी करून ठेवलंय, आता बंद पडणार नाही. माझं नाव सांगितलं असतं तर त्यानं तो ॲम्प नेला नसता. सीट कव्हरवाल्याच्या सोल्डरिंगवर कोण वरात काढतो. म्हणून मास्तरांचं नाव वापरलं, घरातला मीठ-मसाला वापरावा तितक्या सहज. मित्राचा चेहरा उजळला. म्हातारा वरून कडक आहे, आतून मऊ, म्हणाला.

रविवारी वरातीत ॲम्प एकदाही बंद पडला नाही. मित्रानं मला तिथून फोन लावला आणि काही न बोलता फोन आवाजाकडं धरला. मी इकडं दुकानात तो कानाला लावून हसत होतो. खरं सांगतो, मला तेव्हा अभिमान वाटला.

लग्न लागलं, जेवणं झाली, वऱ्हाड परत निघालं. त्या गाडीत मागच्या सीटवर करवली बसली होती, मित्राची सगळ्यात धाकटी बहीण, आणि तिच्या मांडीला लागून नातेवाइकांची दोन लेकरं. तीन दिवसांच्या जागरणानं सगळ्यांना झोप लागलेली. गाणं बारीक आवाजात चालूच होतं. दिवसभर भाजून निघालेला ॲम्प सीटखाली गालिच्यात होता. आधी गालिचा धुमसला, मग सीटचा फोम पेटला. करवलीनं दोन्ही लेकरं बाहेर ढकलली. तोवर तिच्या साडीनं खालून पेट घेतला होता. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आणि उजवा हात. चार महिने ती दवाखान्यात होती.

सोमवारी मित्र आणि त्याच्याबरोबर आठ-दहा माणसं दुकानात आली. काळाठिक्कर पडलेला ॲम्प त्यानं काउंटरवर टाकला. मास्तरांना तोवर एवढंच कळलं होतं की गाडीला आग लागली. त्यांनी ॲम्प जवळ ओढला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून तो उघडला आणि वाकून बघितलं. सगळं जळालं होतं, पण त्या दोन पायांवरचा सोल्डरचा गोळा तसाच होता, काजळी धरलेला. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. एखादी वस्तू आपल्या जागेवर आहे ना, एवढं बघावं तितकंच.

मित्रानं विचारलं, "मास्तर, हे तुम्हीच केलं ना?"

"हाव," मास्तर म्हणाले. "मीच केलं."

कुणीतरी त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडून सीट कव्हरच्या गठ्ठ्यात पडला. मी चष्मा उचलला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी मी एवढंच केलं. तोंड उघडायला मला अर्धा तास होता, माणसं शिव्या देत होती, मास्तर उभे होते, आणि मी भ्यालो होतो. बायको, लेकरू, दुकान, जन्माचा मित्र, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, पण ती मागाहून शोधलेली कारणं आहेत. मी भ्यालो हेच खरं.

माणसं गेल्यावर मी म्हणालो, मास्तर, हे तुम्ही काय केलं. ते हत्यारं पेटीत भरत होते.

"तुला जोडायला शिकवलं कुणी?"

तुम्हीच, मी म्हणालो.

"मग झालं की," म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं.

आठवड्याच्या आत ते लातूरला आक्काकडं गेले. नांदेडच्या बाजारात मास्तरांचा ॲम्प पेटला एवढीच गोष्ट राहिली. ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्यांनी केल्या होत्या त्या सगळ्यांनी ॲम्प काढून दुसऱ्यांकडून उघडून बघितले. कितीतरी ॲम्प माझ्याच दुकानात उघडले गेले. एकातही पाय जोडलेले सापडले नाहीत. पण काय सापडलं नाही ते कोण कुणाला सांगतो. आणि जो सांगू शकत होता तो काउंटरच्या मागं बसून मॅटचे भाव सांगत होता.

मास्तर अर्धापूरला करवलीच्या घरी जातात हे कानावर यायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकातून आत घेतलं नाही, तर उन्हात उभे राहिले. दुसऱ्यांदाही तेच. पुढं तिच्या आईनं ओसरीवर बसू दिलं. दर खेपेला जायचे, माझ्या हातून झालं म्हणून सांगायचे, आणि लातूरची बस धरायचे. जाता-येता नांदेडला बस बदलावी लागते. स्टँडपासून माझं दुकान चालत दहा मिनिटांवर आहे. ते कधी आले नाहीत आणि मीही कधी स्टँडवर गेलो नाही.

अशी पाच वर्षं गेली. ह्या उन्हाळ्यात मित्र नव्या गाडीला कव्हर घालायला आला होता. बोलता बोलता मास्तरांचा विषय निघाला. तू वेळेत सुटलास त्या माणसाच्या हातून, म्हणाला, तुझंही दुकान बुडालं असतं. मी कव्हरला टाके घालत होतो. सुई बोटात घुसली तरी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लातूरला गेलो.

आक्काचं घर गंजगोलाईच्या बाजारामागं, दोन खोल्यांचं. दार तिनंच उघडलं. मास्तर खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. मला बघून मालक म्हणाले, तेवढ्यानं मला धीर आला. पण थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, कधी आलास. आक्का म्हणाली वर्षभरापासून असंच चाललंय, जेवलो का नाही ते बी ध्यानात राहत न्हाई, भांडं घेऊन पाण्याला उठतात आणि दारात उभे राहतात. मग मी घाई केली. उशीर झाला की हे कधीच सांगता येणार नाही हे मला दिसलं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि गुरुवारची दुपार सगळी सांगितली. चार स्क्रू, दोन पाय, आणि त्यांचं नाव घेऊन मारलेली थाप. तुम्ही माझं घेतलं ते मला परत द्या म्हणालो. मी सगळ्यांना सांगतो, तुमचं नाव मोकळं करतो. 

मास्तरांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं, वर्गातल्या पोराचं चुकलेलं उत्तर ऐकावं तसं, न टोकता.

"न्हाई रे मालक," ते म्हणाले. "मीच जोडलं. हिरव्या वायरीचा तुकडा घेतला, सोलला, आणि दोन्ही पायांवर टाकला. तू पुढं गाडीला फिल्म लावायलतास. मला सगळं ध्यानात हाय."

मी म्हणालो मास्तर, तुम्ही त्या दिवशी धर्माबादला होता. धर्माबादला त्याच्या आदल्या आठवड्यात गेलतो, म्हणाले. मी म्हणालो वायर नव्हतीच, नुसतं सोल्डर होतं, तुम्ही उघडून बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. ते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू कशाला घेतोस अंगावर, तुला लेकरंबाळं हायती, म्हणाले. मी हट्ट धरला, दोनदा, तीनदा. मग त्यांचा चेहरा गोंधळला, ओठ हलायला लागले, आणि आक्का मधे आली. मला बाहेर नेऊन म्हणाली, त्याचं सगळं निसटून चाललंय, एवढं एकच पक्कं धरून बसलाय, ते बी काढून घेतो का? सोनं लुटायला आलेल्या माणसाकडं बघावं तशी ती माझ्याकडं बघत होती.

म्हणजे त्यांनी त्या दिवशी जाणून खोटं सांगितलं, आणि पुढं वर्षानुवर्षं त्या घराच्या ओसरीवर ते इतक्यांदा सांगितलं, की आता ते त्यांना आठवतं. जे हात आयुष्यात कधी त्या दोन पायांना लागले नाहीत, ते हात त्यांना स्वतःला जोडताना दिसतात. माझा गुन्हा मी त्यांच्याकडं ठेवायला दिला होता आणि तो आता त्यांच्या अंगात भिनला. लातूरहून परत येताना मी बसमध्ये सगळ्यांदेखत रडलो. शेजारच्या माणसानं कोण वारलं म्हणून विचारलं. मी मान हलवली.

नांदेडला उतरून घरी गेलो नाही, तशीच अर्धापूरची गाडी धरली. मास्तरांना पटत नसेल तर नसो, जिचं जळालं तिला तरी खरं कळलंच पाहिजे. मित्र बागेत गेला होता. करवली ओसरीवर शिवणयंत्रावर बसली होती. पायांनी चालवता येत नाही म्हणून यंत्राला मोटर लावलेली. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, तरी कापड सरळ सरकत होतं. तिनं मला ओळखलं, दादा बसा म्हणाली. चहा आला. मी चहाला हात न लावता सांगायला सुरुवात केली आणि ह्या खेपेला काही मागं ठेवलं नाही. तुझे पाय माझ्यामुळं गेले म्हणालो. मास्तर तेव्हा धर्माबादला होते. त्यांनी हात लावला नाही.

तिनं मोटर बंद केली. कापडाची घडी केली.

"दादा, लातूरला जाऊन आलात ना तुमी?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "त्यांची तब्येत बघून आलात म्हणून असं बोलायलाव."

नाही म्हणालो, खरं सांगतोय.

"मास्तर किती वेळा आले ह्या ओसरीवर. दर वेळी सगळं सांगितलं त्यांनी, कसं जोडलं, काय जोडलं. हिरवी वायर घेतल्याचं बी सांगितलं. तुमाला तर त्या वायरीचं ठाऊकच न्हाई. मी पैल्यांदा लई शिव्या दिल्या त्यांना. आता राग न्हाई राहिला. केलं ते तोंडानं कबूल करणारा माणूस मी तेवढा एकच बघितला. त्यांच्या नावासाठी तुमी खोटं बोलू नका."

मी शपथ घेतली. लेकराची घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं आता पटलं.

"म्हाताऱ्याला दोस्त चांगला मिळाला, तेवढं बरं झालं," ती म्हणाली. मग आत तोंड करून तिनं आईला हाक मारली, मास्तरांचे दोस्त आलेत, उपाशी दिसतात, ताट कर म्हणून सांगितलं. आईनं पाट मांडला, भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. मी हात धुतले आणि जेवायला बसलो.